पाच मुलं कोणती?

समजा, मैंदर्गीतल्या एखाद्या अंगणवाडीच्या जुलैच्या अहवालात कमी वजनाची पाच मुलं आहेत. ऑगस्टच्या अहवालातही पाच. तालुक्याच्या बैठकीत या ओळीवर कुणी थांबणार नाही. आकडा वाढला नाही, घटला नाही, पुढचं गाव घ्या. पण जुलैची पाच आणि ऑगस्टची पाच ही तीच मुलं आहेत का, हे त्या ओळीवरून कळत नाही. तीच असतील, तर पाच घरांत काहीतरी अडलेलं आहे आणि तिथे जाऊन बसायला हवं. पहिली पाच सावरली आणि दुसरी पाच खाली आली असतील, तर गावात काहीतरी पसरतं आहे. पावसाळ्यात ते बहुधा पाण्यातून आलेले जुलाब असतात. मग घरोघर समजावून उपयोग नाही, पाण्याच्या टाकीकडे जायला हवं. पाचाचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो आणि आपण दोन्हीकडे सारखेच गप्प बसतो.

सप्टेंबर हा पोषण महिना. प्रभातफेरी निघते, पाककृतींचं प्रदर्शन भरतं, गरोदर सुनांची ओटी भरतात. हे सगळं मला आवडतं. एरवी उंबरा न ओलांडणाऱ्या मुली त्या निमित्तानं अंगणवाडीत येतात, चार जणींशी बोलतात. पण या महिन्यात एक प्रश्न आमच्या तालुक्यात मोठ्यानं विचारला जावा, असं मला मनापासून वाटतं. पाच कोणती? नावं घेऊन सांगा, आणि प्रत्येकाचं गेल्या तीन महिन्यांत काय झालं ते सांगा.

मी मैंदर्गीची. घरात कन्नड, कचेरीत मराठी, बाजाराला दुधनी, मोठं दुखणं निघालं तर अक्कलकोट, नाहीतर सोलापूर, अशी आमची रीत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकले आणि पुढे नोकरीभर शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर घराजवळच्या अंगणवाडीत वजनाच्या दिवशी जाऊन बसते. सेविका वजन घेते, मी आलेखाच्या कागदावर टिंब देते आणि मागच्या महिन्याच्या टिंबाला जोडते. तिच्याकडे माहितीची कमी नाही. रजिस्टरं आहेत, २०२१ पासून फोनवर पोषण ट्रॅकर आहे, प्रत्येक मुलाचं वजन त्यात जातं. तिच्यावर कामाचा भारही कमी नाही. गरोदर बायका, स्तनदा माता, लसीकरण, गरम आहार, निवडणुकीची यादी, जे येईल ते तिच्याच दारात. तेव्हा हा लेख तिच्याविरुद्ध नाही. वरून तिला जे विचारलं जातं, त्याविषयी आहे. वर विचारतात ती बेरीज, आणि माणूस बेरजेत हरवतो.

दोन मुलींचं सांगते. नावं देत नाही. दोघी पंधरा महिन्यांच्या असताना त्यांचे कागद सुरू केले. पहिलीचं वजन ७.४ किलो. तक्त्यावर ती पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे कमी वजनाची. दुसरी ९.८ किलो, हिरव्यात, दिसायलाही गुटगुटीत. पुढच्या तीन महिन्यांत पहिली ७.६, ७.७, ७.९ अशी चढत गेली. दुसरी ९.९, ९.८, ९.८. अहवालात पहिली प्रत्येक महिन्याला मोजली गेली. दुसरी एकदाही नाही, कारण जागच्या जागी थांबूनही ती हिरव्यातच होती.

या वयात मूल महिन्याला साधारण दोनशे ग्रॅमनं वाढतं. टांगायच्या काट्यावर रेघा शंभर-शंभर ग्रॅमच्या. मूल रडतं, पाय झाडतं, काटा डोलतो. अंगात जाड झबलं असतं, पोटात नुकतीच प्यायलेली पेज असते. तेव्हा एका महिन्याचा शंभर ग्रॅमचा फरक मुलामुळे की झबल्यामुळे, हे देवालाच ठाऊक. एका महिन्यात वजन वाढलं नाही म्हणून आईला चारचौघींत धारेवर धरणं अन्यायाचं आहे, आणि ते सर्रास होतं. पण तीन महिन्यांत सहाशे ग्रॅम वाढायला हवं होतं आणि काहीच वाढलं नाही, हे झबल्यानं होत नाही. संख्याशास्त्राचं इथलं काम एवढंच की कुठली हालचाल काट्याची आणि कुठली मुलाची, हे ओळखायला सलग किती वजनं लागतील ते सांगायचं. त्याला मोठं गणित लागत नाही. एकाच मुलाची वजनं एका कागदावर, ओळीनं, खाडा न होता लागतात.

दुसरीच्या घरी गेलो तेव्हा कळलं, की तुरीची काढणी सुरू झाल्यापासून आई पहाटेच कामाला जाते. दिवसभर मूल आजीजवळ. अंगावरचं दूध दिवसा तुटलं आणि त्याच्या जागी चहात बुडवलेलं बिस्कीट आलं. आजीचा त्यात दोष नव्हता, तिला स्वतःला दिसत नव्हतं. सेविकेनं तिला ज्वारीची पेज, डाळीचं घट्ट वरण, वर चमचाभर तेल हे दाखवलं, दिवसातून किती वेळा ते सांगितलं. पुढच्या महिन्यापासून रेघ वर वळली. ती घसरून पिवळ्यात येईपर्यंत थांबलो असतो तर आणखी काही महिने गेले असते, आणि दोन वर्षांच्या आतले महिने परत मिळत नाहीत.

पहिलीला यादीतून काढा, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. ती जन्मतःच लहान होती. ती आपल्या चालीनं नीट चढते आहे ही चांगली खूण आहे, पण ती खालून चढते आहे, आणि तिच्या आईला आणि तिला मिळणारं जास्तीचं अन्न मिळतच राहिलं पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. या दोन्ही एकत्र धरून ठेवायला किती कठीण जातं, याचा एक मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. त्याकडे येते.

त्याआधी थोडं सरासरीबद्दल. फ्रान्समध्ये फिलिबेर द माँतबेयार नावाच्या गृहस्थानं १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण सहा-सहा महिन्यांनी मोजून ठेवली, थेट १७७७ पर्यंत. निसर्गशास्त्रज्ञ बुफाँनं ते आकडे आपल्या निसर्गाच्या इतिहासाच्या ग्रंथात छापले. एका माणसाच्या वाढीची ती जगातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक, आणि अजून पाठ्यपुस्तकांत छापली जाते. त्या एका मुलाच्या आलेखात तेरा-चौदाव्या वर्षी वाढीचा वेग एकदम उसळतो, उभा सुळका दिसतो. आता हजार मुलांची वयानुसार सरासरी काढा. सुळका बसतो आणि पसरट टेकडी उरते. कारण कुणी बाराव्या वर्षी उसळतं, कुणी पंधराव्या. सरासरीच्या आलेखासारखं वाढणारं मूल एकही नसतं. आठवी-नववीच्या वर्गाला शिकवलेल्या कुणालाही हे पटेल. दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या बाकावर बसणारा मुलगा जूनमध्ये शेवटच्या बाकावर जातो आणि त्याच्या शेजारचा मित्र तिथेच राहतो. त्या मित्राला त्या वर्षी जी काळजी लागते, ती कुठल्या सरासरीनं मिटत नाही. त्याच्या स्वतःच्या मागच्या चार वर्षांच्या उंचीनं मिटू शकते, शाळेनं ती जपून ठेवली असेल तर.

राज्याच्या पातळीवरही हेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं कृश होती. २०१९-२१ च्या पाहणीतही २५.६ टक्केच. कमी वजनाची मुलं आधी ३६.० टक्के, नंतर ३६.१. हे आकडे मोलाचे आहेत, ते नसते तर आपण अंधारात असतो. पण पहिल्या पाहणीतली बहुतेक मुलं दुसरी पाहणी होईपर्यंत शाळेत गेली होती. दुसऱ्या वेळी मोजली गेली ती मुलं वेगळी. कृशपणा तर आठवड्या-महिन्यांत येतो आणि जातो. ऐन पावसाळ्यात मोजलं की एक आकडा, सुगीनंतर मोजलं की दुसरा. एक चतुर्थांश मुलं कायम कृश आहेत, की निम्म्याहून जास्त मुलं वर्षातून कधी ना कधी कृश होऊन सावरतात, हे अशा पाहणीतून कळूच शकत नाही. धोरण मात्र या दोन परिस्थितींत वेगळं असायला हवं.

आता तो दाखला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या, खटाव तालुक्यातल्या बुध गावचे. जन्म १९११. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, १९३६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून डॉक्टरेट घेतली, दिल्लीत शेतीच्या पीक-अंदाजाला शिस्त लावली आणि पुढे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून जगाच्या भुकेचा हिशेब मांडला. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. परत आले ते पुण्याला, आणि १९९७ साली गेले. आमच्या पिढीत संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला नमुना पाहणीवरच्या त्यांच्या पुस्तकाशी गाठ घालावीच लागे.

१९७१ सालीच पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला. दिवसाला माणशी २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च करू न शकणारा तो गरीब, असा त्यांचा आधार. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या तज्ज्ञगटानं खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० हे आकडे धरले. सुखात्म्यांनी या मोजणीच्या मुळावरच बोट ठेवलं. ते म्हणत, एकाच माणसाचं, तेच वजन, तेच काम असताना, रोजचं खाणं सारखं नसतं. आठवड्याची सरासरी काढली तरी ती पुढच्या आठवड्याशी जुळत नाही. शरीर आजची कमी-जास्त उद्यावर ढकलतं, आजचा हिशेब कालच्या हिशेबाला बांधलेला असतो, आणि एका पल्ल्यात ते स्वतःला सांभाळून घेतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी १९७८ आणि १९८२ साली अमेरिकेतल्या पोषणशास्त्राच्या नियतकालिकात हे मांडलं. त्यांचा आधार होता एकेका माणसाच्या दिवसामागून दिवस घेतलेल्या नोंदींचा. त्यांत प्रयोगासाठी आलेल्या स्वयंसेवकांच्या शरीरातल्या नायट्रोजनचे हिशेब होते, आणि इंग्लंडमधल्या लष्करी भरतीतल्या तरुणांचं खाणं नि श्रम. निष्कर्ष असा, की सरासरी गरजेच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये. सीमारेषा बरीच खाली, सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली असावी. असं केलं की उपाशी माणसांची संख्या एकदम उतरते.

दांडेकर गप्प बसणारे नव्हते. तेही साताऱ्याचेच. १९८० च्या दशकात इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीच्या पानांवर हा वाद झडला, आणि मराठी मुलखातल्या दोन मोठ्या माणसांनी एका माणसाच्या ताटावर इतकं बारीक गणित केलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. तो वाद मी पुन्हा पुन्हा वाचला आहे आणि माझं मत ठाम आहे. सुखात्म्यांचा प्रश्न बरोबर होता. माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसाचा दिवसादिवसांतला फरक या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीकडे तोपर्यंत पुरेसं कुणी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी आपलं उत्तर ज्या आकड्यांना लावलं, ते आकडे त्या प्रश्नाचे नव्हते. पोटभर जेवण समोर असलेला तरुण आज कमी खातो, उद्या जास्त, हे त्याच्या सरासरीभोवतीचं हेलकावणं. राष्ट्रीय नमुना पाहणीत मात्र एका घराला एकदा भेट देऊन महिन्याभराच्या खर्चाचा हिशेब विचारलेला असतो. तिथे रोजचे हेलकावे महिन्यातच जिरून गेलेले असतात. उरतो तो मुख्यतः घराघरातला फरक, आणि त्यात कुणाची गरज कमी आणि कुणाची ऐपत कमी, हे वेगळं काढायला वाव नाही. ते काढायचं तर त्याच घरी पुन्हा जावं लागतं, आणि पुन्हा.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होत्या. कामावर सुकडी वाटत. म्हाताऱ्या अजून त्या वर्षाचं बोलतात. त्या वर्षी त्यांनी जे खाल्लं ते सरासरीभोवतीचं हेलकावणं नव्हतं. सरासरीच खाली आली होती आणि महिनोन्‌महिने खाली राहिली. शरीर तेव्हाही स्वतःला सांभाळतं, हे खरं. पण कशाच्या मोलानं? पाय जड होतात, काम मंदावतं, मूल खेळायचं थांबतं, अंगावरचं दूध आटतं. शरीरानं जुळवून घेतलं याचा अर्थ त्याला पुरलं असा होत नाही. डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं त्या वादाच्याच सुमाराला ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना मांडली, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची धुरा वाहिलेल्या डॉ. सी. गोपालन यांनी तिला कडाडून विरोध केला. मी गोपालन यांच्या बाजूची आहे. माझ्या त्या दोघींतली पहिली, ती ७.९ किलोवाली, नीट चढते आहे म्हणून तिचं अंडं बंद करा असं उद्या कुणी म्हणालं, तर त्याच्या हातात सुखात्म्यांचा कागद असला तरी मी ऐकणार नाही.

हे काम नीट कसं होतं, तेही पुण्यानंच दाखवलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत लग्न झालेल्या बायकांची पाळीच्या तारखांसकट नोंद ठेवायला सुरुवात केली. दिवस राहिले की आहार, वजन, रक्त, शेतातली आणि विहिरीवरची कामं, सगळं टिपलं. बाळं जन्मल्यावर त्यांना सोडलं नाही. ती मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, तरी मोजणी चालूच राहिली. त्यातून कळलं की आपलं बाळ वजनानं हलकं असलं तरी त्याच्या अंगावर चरबी तुलनेनं जास्त असते, आणि आईच्या रक्तात गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असेल तर सहाव्या वर्षी मुलाच्या शरीरात मधुमेहाकडे नेणाऱ्या खुणा जास्त दिसतात. एकदा येऊन मोजून गेलेल्या कुणालाही हे सापडलं नसतं. त्या गावांतल्या बायकांनी पिढीभर दार उघडं ठेवलं, म्हणून सापडलं. अशा अभ्यासाचं श्रेय देताना त्यांचं नाव आधी यायला हवं.

मोठ्या माणसांच्या बाबतीत एकदाच मोजून निकाल लावण्याचा हाच घोटाळा रक्तदाबात दिसतो. मे महिन्यात स्टँडपासून उन्हात चालत आलेला माणूस, धाप लागलेली, रांगेत भांडण झालेलं, खुर्चीत बसला की लगेच दंडाला पट्टा. वरचा आकडा आला १५४. खालचा नव्वदावर नाहीतर वरचा एकशेचाळिसावर गेला की कार्डावर शिक्का, गोळी सुरू. पुढच्या खेपेला आकडा १४२, म्हणजे गोळी लागू पडली. कदाचित पडलीही असेल. पण ज्या दिवशी आकडा सर्वांत वर होता त्या दिवसानंतर तो खाली येणारच होता, गोळी असो वा नसो. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ साली उंचीच्या संदर्भात हा नियम दाखवला आणि तो वजनाला, रक्तदाबाला, परीक्षेच्या गुणांनाही लागू आहे. शाळेत किती जणांना पाहिलं, सहामाहीत नापास झालेल्याला छडी दिली, वार्षिकला त्याचे गुण वाढले, आणि छडीवरची श्रद्धा घट्ट झाली. पहिल्या आलेल्याचं कौतुक केलं, तो पुढच्या वेळी तिसरा आला, आणि कौतुकानं मुलं बिघडतात असं ठरलं. कौतुक आणि छडी दोन्ही निर्दोष होती. गुण आपल्या नेहमीच्या जागेकडे परतत होते. छडीनं मात्र हातावर वळ उठले.

माझ्या यजमानांचा रक्तदाब मी घरी वहीत लिहिते. सकाळी, पाच मिनिटं शांत बसल्यावर, दोनदा. थंडीत आकडे चढतात, उन्हाळ्यात उतरतात, हे वहीनं स्पष्ट दाखवलं. मे महिन्यात उभं राहिल्यावर त्यांना भोवळ यायला लागली तेव्हा डॉक्टरांपुढे वही ठेवली, आणि त्यांनी मात्रा बदलली. वहीत बघायची गोष्ट केवळ सरासरीही नाही. ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल यांनी २०१० साली लॅन्सेटमध्ये दाखवलं, की एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत ज्यांचा वरचा आकडा फार वर-खाली होतो, त्यांना पक्षाघाताचा धोका जास्त, सरासरी सारखी असली तरी. म्हणजे चढउतार हा पुसून टाकायचा गोंधळ नव्हे, त्यातही आजार लिहिलेला असू शकतो. वही नसेल तर तो वाचणार कोण?

परत मैंदर्गीला येते, कारण आमच्याकडे याला दोन खास अडचणी आहेत आणि सोलापूरच्या पलीकडे त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. पहिली, जाणारी-येणारी कुटुंबं. दसरा-दिवाळी झाली की कुणी ऊसतोडीला जातं, कुणी पुण्याकडे बांधकामावर. मुलं बरोबर. परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्या मुलांच्या रेघेत थंडीचे सगळे महिने कोरे. अहवाल लिहिताना हजर मुलांची टक्केवारी काढतात, आणि ती छान दिसते. पण गैरहजर मुलं काही चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. ज्यांची रेघ खाली जायची भीती सर्वांत जास्त, नेमकी तीच गेलेली असतात. कोरी जागा हीच तिथे सर्वांत महत्त्वाची नोंद आहे, आणि आमच्या तक्त्यांत तिला रकाना नाही. निदान परतल्यावरचं पहिलं वजन आणि जाण्याआधीचं शेवटचं वजन शेजारी-शेजारी ठेवून बघावं. तीन-चार महिन्यांत किती वाढायला हवं होतं हे ठाऊक आहे, तेव्हा हिशेब सरळ आहे.

दुसरी अडचण सीमेची. आमच्या सोयरिकी अफझलपूर, आळंद, इंडीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कर्नाटकात. तिथे मुलीच्या हातात तायी कार्ड पडतं, इथे माता बाल संरक्षण कार्ड. बाळाचे पहिले चार-पाच महिने, ज्यांत ते आयुष्यात सर्वांत वेगानं वाढतं, ते तिकडच्या कार्डावर राहतात. बाळ सासरी आलं की इथली रेघ पाचव्या महिन्यात मधूनच सुरू होते. मागे चढ होता की उतार, काही कळत नाही. अशा बाळाचं पहिलं टिंब कुठल्या रंगात पडलं, यावर त्याचं सगळं ठरतं.

माझं मागणं मोठं नाही. मुख्यसेविका भेटीला आल्या की त्यांनी बेरीज शेवटी बघावी. आधी विचारावं, सलग तीन महिने कोण हललं नाही, मग ते मूल कुठल्याही रंगात असो. आईच्या कार्डावरचा आलेख दर महिन्याला तिच्यासमोर भरला जावा. आज मी पाहते त्यांतली बरीच कार्डं लसीच्या तारखांनी भरलेली आणि आलेखाच्या पानावर कोरी असतात. फोनमधली रेघ सेविकेच्या फोनमध्ये राहते, ऊसतोडीला जाणाऱ्या आईच्या पिशवीत कार्ड जातं, आणि तिकडच्या अंगणवाडीत कुणी वजन घेतलंच तर पुढचं टिंब त्यावर देता येतं.

आणि तायी कार्डावरची वजनं आपल्या कार्डावर उतरवून घ्यायला कुठल्या शासन निर्णयाची वाट बघायला नको. त्यासाठी कन्नड वाचणारं माणूस लागतं. मैंदर्गीत ते गल्लीगल्लीत आहे.